मालनअक्काचा आवाज

हे मी बनवून सांगत नाहीये. तेवढं डोकं असतं तर आणखी काय हवं होतं!

आणि यात रात्र, अमावस्या, स्मशान असलं काहीही नाही. गेल्या मार्चमधला रविवार. सकाळचे साडेअकरा. बेंगळुरूच्या बसवनगुडीत आमच्या मराठी मंडळाचा हॉल आहे, खाली इडलीचं हॉटेल, तिथे. बाहेर लख्ख ऊन. आत साठ-सत्तर माणसं. त्यातल्या कोणालाही विचारा.

फक्त ते तुम्हाला वेगळंच काहीतरी सांगतील... आणि त्याचाच मला संताप येतो.

मालनबाई माझी सख्खी मावशी. सगळं घर तिला अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणायचे. चिकपेटेतल्या कपडेवाल्यांच्या घरातली. घराणं तीन-साडेतीनशे वर्षं इथलंच, त्यामुळे मराठीत कन्नड मिसळलेलं. "स्वल्प थांब गे", "सरी", असं बोलायची. याच मराठीत तिने बेंगळुरूत चाळीस वर्षं नाटकं केली. एन्ट्रीच्या आधी गालात एक लवंग धरायची आणि विंगेत डोळे मिटून उभी राहायची. स्टेजवर आली की पेंगणारे म्हातारेसुद्धा सावरून बसायचे.

तिच्या एका नाटकावर सिनेमा निघाला. आईच्या भूमिकेत तिलाच घेतलं. शूटिंग झालं. आणि मग निर्मात्याला साक्षात्कार झाला की बाईंची भाषा अशुद्ध आहे. पुण्या-मुंबईचे लोक हसतील म्हणे.

डबिंगला दुसरा आवाज घ्यायचं ठरलं.

तो आवाज माझा.

माझ्या आईला पुण्याला दिलं होतं. मी तिथेच वाढले. उच्चार स्वच्छ, आणि आवाज घराण्यातलाच, जाडसर. बावीस वर्षांची होते. अंधाऱ्या खोलीत हेडफोन लावून मी अक्काच्या ओठांवर माझे शब्द बसवले. पडद्यावर तिचे ओठ "सरी" म्हणत होते आणि मी तिथे "बरं" म्हणत होते. कोणी जबरदस्ती केली नव्हती. उलट मला मजा वाटली होती. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

अक्काला हे कोणी सांगितलंच नव्हतं. तिला कळलं ते थेट थिएटरात. मध्यंतरात उठून घरी गेली.

नंतर लग्न होऊन मी बेंगळुरूलाच आले. दर दिवाळीला तिच्याकडे जायचे. जेवू घालायची, पाठीवरून हात फिरवायची. पण माझ्याशी ती पुन्हा कधीही मराठीत बोलली नाही. एक शब्द नाही. सगळं कन्नडमध्ये. सव्वीस वर्षं!

गेल्या फेब्रुवारीत ती गेली.

मंडळाने शोकसभा ठेवली. ज्या मंडळाने शेवटची दहा वर्षं तिला साधं गणपतीतल्या नाटकालाही बोलावलं नाही, त्याच मंडळाने. स्टेजवर हार घातलेला भलामोठा फोटो. काय तो उमाळा, काय ती भाषणं! माझ्या अंगाची नुसती लाही लाही होत होती.

मला त्या दिवशी एकच हवं होतं. अक्का एकदा तरी तिच्या स्वतःच्या आवाजात ऐकली जावी. एका जुन्या कॅसेटवर तिच्या नाटकाचं रेकॉर्डिंग होतं, ते मी मोबाईलवर घेऊन गेले. सेक्रेटरी जितेंद्र, आयटीतला, पुण्याहून आलेला. त्याला म्हटलं, "फक्त पाच मिनिटं हे लावा."

त्याने दहा सेकंद ऐकलं.

"मॅडम, क्वालिटी खराब आहे. आणि भाषा पण थोडी... पुण्याहून गेस्ट आलेत हो. आपण सिनेमातला सीन लावतोय ना. काय उच्चार आहेत त्यात बाईंचे!"

तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हाच ओरडून सांगायचं होतं, की अरे शहाण्या, ते उच्चार माझे आहेत! पण मी गप्प बसले. लोक काय म्हणतील, या वयात कशाला तमाशा... असलं काहीतरी मनात आलं. भेकड मी.

दोन मिनिटं मौन झालं.

सगळे उभे. माना खाली. खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते, हॉटेलात भांडी आदळत होती.

मग...

हॉर्न बंद झाले.

भांडी बंद झाली.

डोक्यावरचा पंखा फिरत होता, पण त्याची घरघर ऐकू येत नव्हती.

मला वाटलं माझेच कान गेले. शेजारी नागोजीअण्णा उभे होते. वय ऐंशी. नाटकात अक्काच्या मुलाचं काम वर्षानुवर्षं त्यांनीच केलं, तिच्याहून मोठे असून. त्यांनी सावकाश मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही काहीतरी जाणवलं होतं.

मौन संपलं. लोक बसले. आवाज परत आले.

सीन सुरू झाला. मुलगा आईला शहरात न्यायला येतो, तो प्रसंग. मुलाचं बोलणं खणखणीत ऐकू येत होतं. कोंबड्यांचा आवाज, दाराची कडी, सगळं.

अक्काने तोंड उघडलं...

काहीच नाही.

ओठ हलत होते. आवाज नव्हता.

मुलगा पुन्हा बोलला. ऐकू आलं. अक्का बोलली... नाही आलं.

लॅपटॉपवर बसलेली रक्षिता गडबडली. तिने वायर तपासली, सीन मागे नेला, पुन्हा लावला. "सर, हिचाच आवाज नाहीये. सकाळी चेक केलं तेव्हा होता," ती जितेंद्रला म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

खरं सांगते, मला आनंद झाला. गेला माझा आवाज, बरं झालं, असं वाटलं.

आणि तेवढ्यात आवाज आला...

"मी या घरातनं कुठं बी येणार नाई की रे. सरी, तू जा. बायको-पोरं वाट बघत असतील."

अक्काचा. खरा आवाज. कापरा, खोल, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. पडद्यावरच्या ओठांशी अक्षरन् अक्षर जुळणारा.

माझे डोळे भरून आले. मी वळून पाहिलं, की स्पीकरमधून येतोय की कुठून.

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

मी उभी होते. कधी उठले, माहीत नाही. तोंडात लवंगेची तिखट चव होती. जबडा दुखत होता. आणि माझं तोंड...

माझं तोंड हलत होतं.

मला थांबायचं होतं. देवाशपथ सांगते, दात आवळून धरायचा प्रयत्न केला. पण मी तिच्या ओठांवर शब्द बसवले होते ना? आता ती माझ्या ओठांवर बसवत होती.

सीन संपला. पडदा काळा झाला. तरी तोंड थांबलं नाही.

"सगळ्यांना सोडलं मी," अक्का म्हणाली. माझ्याच तोंडून, अगदी हळू, मराठीत. सव्वीस वर्षांनी मराठीत. "तुला नाई गे."

माझी दातखीळ बसली.

आणि मग काय झालं असेल?

टाळ्या!

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुण्याचे पाहुणे पुढे येऊन म्हणाले, "वा! हुबेहूब नक्कल! शेवटचं वाक्य तर अंगावर काटा आणणारं." जितेंद्रने माझे हात धरले. "मॅडम, आधी सांगायचं ना, असं सरप्राईज आहे म्हणून!"

मी ओरडून सांगितलं. सगळं सांगितलं. सिनेमातला आवाज माझा आहे, आत्ताचा तिचा होता, मी काहीही केलं नाही. लोक हसले. विनय आहे म्हणाले. त्या वेळी कुणाचा तरी खून करावा असं वाटत होतं. म्हणजे पुन्हा तेच! काम तिचं आणि कौतुक माझं.

एकट्या नागोजीअण्णांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात जोडून, माझ्या डोळ्यांत न बघता, ते म्हणाले, "राग सोड, मालन." आणि जिना उतरून गेले.

सिनेमाची ती फाईल अजून माझ्याकडे आहे. त्यात माझा आवाज जसाच्या तसा आहे. मी दहा वेळा तपासलं.

परवा जितेंद्रचा फोन आला. मंडळाच्या वर्धापनदिनाला मालनबाईंच्या भूमिका तुम्ही स्टेजवर कराल का, पूर्ण दोन तास, असं विचारत होता. ऐकूनच माझी चिडचिड झाली. मरेपर्यंत एक प्रयोग दिला नाहीत तिला, आता दोन तास? चांगलं खडसावून नाही म्हणायचं ठरवून मी श्वास घेतला.

"थँक यू मॅडम!" तिकडून जितेंद्र आनंदाने म्हणाला. "इतक्या पटकन हो म्हणाल असं वाटलं नव्हतं."

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.