नवरीच्या वेषातली बाटली

हर्मिनियाच्या केशकर्तनालयाच्या छपरावर चोरटी तार सापडली, तीही शनिवारी, ऐन गर्दीत. इस्पितळाच्या, वीज कधीही न जाणाऱ्या लाइनीवर आकडा टाकलेला होता. तार छपरावरून उतरून शेजारच्या तुलिओच्या बियरच्या दुकानालगतच्या सामाईक भिंतीत गडप झाली होती. तक्रार तुलिओचीच. वीज कंपनीची तपासनीस नेरेइदा दुकानाला ठोकायचं सील घेऊन आली, तेव्हा पहाटेपासून सगळ्या गल्लीतली वीज गेलेली होती.

हर्मिनिया उंबऱ्यातच ठाण मांडून बसली होती.

"चोरीच्या कबुलीवर सही करा," नेरेइदा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

"हात तोडला तरी करणार नाही."

"तार तुमच्या छपरावरून जाते."

"आणि वीज माझ्याकडे येते? मग या बायका डोक्याला रोलर लावून ड्रायरखाली ओल्या केसांनी का बसल्यात?"

तुलिओ हसून म्हणाला, नाटकं आहेत सगळी. त्यानं नेरेइदाच्या हातात बियरची बाटली ठेवली. ती गळ्यापर्यंत पांढऱ्याशुभ्र हिमानं मढलेली होती. इथे सांतो दोमिंगोत अशा बाटलीला नवरीच्या वेषातली म्हणतात. आपली बियर नेहमी अशीच असते, हा त्याचा तोरा.

"वीज नसताना?"

"इन्व्हर्टर आहे. तुम्ही येणार म्हणून तोही आत्ताच बंद केला. मेन स्विचही पाडलाय, बघा."

नेरेइदानं चोरट्या तारेला चिमटा-मीटर लावून करंट मोजला. अकरा अँपिअर. हर्मिनियाचा मेन पाडला, तरी अकराच. मग तिनं दोन्ही दुकानांतून खांबाकडे परतणाऱ्या तारा तपासल्या. हर्मिनियाची शून्य. तुलिओची अकरा.

तिनं बाटली न उघडताच परत केली.

"जितका करंट आत जातो, तितकाच बाहेर यावा लागतो, तुलिओ. येणारी तार तुम्ही भिंतीत लपवलीत, परतीची मात्र स्वतःच्या दुकानाची वापरलीत. मेन पाडल्यानं ती तुटत नाही. बंद दुकानातून अकरा अँपिअर कुठून परततात? तुमच्या फ्रीझरमधून. कंपनी इस्पितळाची लाइन तपासणार हे कळलं, म्हणून आधी बोंब ठोकलीत. हिच्या दुकानाला सील लागलं की ही जागाही तुम्हालाच."

तुलिओनं बाटली पाठीमागे धरली. मग पुटपुटला, शेजारधर्म म्हणून गपचूप मिटवू या. नेरेइदालाही तेच सोयीचं वाटलं; तिनं सील पिशवीत टाकलं.

हर्मिनिया उंबऱ्यातून हलली नाही.

"गपचूप नाही. चोर म्हणताना सगळ्या गल्लीला ऐकू गेलं होतं ना?"

नेरेइदाचा चेहरा उतरला. मग ती रस्त्याच्या मधोमध गेली आणि गच्च्यांवरच्या लोकांकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाली, "हर्मिनियानं चोरी केलेली नाही. चूक माझी झाली."




"आता आत या," हर्मिनिया उंबऱ्यातून बाजूला होत तिला म्हणाली.