पाळण्याजवळची डबी

आमच्या तान्हीचा झोपेत मध्येच श्वास अडकायचा. डॉक्टर म्हणाले, मोठी झाली की जाईल, तोवर लक्ष ठेवा. नुसतं लक्षच ठेवत बसले तर स्वयंपाक कधी करू? म्हणून धाकट्या भावजींनी एक डबी बनवली. त्यांना वायरींचा भारी नाद. डबी पाळण्याजवळ ठेवायची, की तान्हीचा श्वास तिच्यातून मोठा होऊन मला ओट्याशी ऐकू यायचा.

डबी चालली छान, पण आतून तापायची. हात लावला तर चटका.

“रेग्युलेटर तापतोय,” भावजी म्हणाले. पंख्याचा नव्हे हो, तीन पायांचा नखाएवढा काळा तुकडा. “हा बारा व्होल्ट घेतो, पाच देतो. उरलेलं अंगातच जिरवतो, म्हणून तापतो.”

“म्हणजे तुमच्या दादासारखाच.”

भावजी हसले. त्यांनी नवा तुकडा बसवला, त्याला ॲल्युमिनियमची पट्टी लावली. तोही तापला. गंमत म्हणजे त्यांच्या टेबलावर डबी गारेगार, आणि पाळण्याजवळ नेली की तापलीच.

“काहीतरी जास्त करंट ओढतंय, वहिनी.”

मग ते पाळण्याशीच मांडी घालून बसले. दुपार होती, खिडकीतून लख्ख ऊन, तान्ही झोपलेली. त्यांनी माईक सोडवला, स्पीकर सोडवला, बारका दिवासुद्धा काढला. येणाऱ्या वायरीत काट्याचं मीटर घातलं. पुढे काही जोडलेलंच नाही, तर काटा हलायला नको.

काटा वर गेला. खाली आला. परत वर... अगदी सावकाश.

मी काट्याकडे बघितलं, मग तिच्या छातीकडे. दोन्ही बरोबरीनं चाललेलं.

तिला उचलून मी थेट बाहेरच्या खोलीत आले. तिथूनच विचारलं, “अजून हलतोय?”

“हलतोय...”

“मग पिन काढा आधी!”

खट्ट आवाज आला, आणि माझ्या कुशीतली छाती थांबली. पाठ चोळली, तळवे चोळले, हाका मारल्या. ओठ निळे पडायला लागले.

“लावा... भावजी, परत लावा!”

पिन बसली. तान्हीनं श्वास घेतला. सावकाश, जणू काही झालंच नाही.

ती पिन आम्ही अजून काढलेली नाही. वीज जाते म्हणून भावजींनी बॅटरीही जोडून दिली. तान्हीचा श्वास आता अडकत नाही. डॉक्टर म्हणतात, बघा, म्हटलं नव्हतं?

डबी मात्र आता जास्तच तापते. काल भावजींनी पुन्हा मीटर लावलं. तान्ही मांडीवर गाढ झोपली होती. तिच्या श्वासाबरोबर काटा वर गेला, खाली आला. आणि तिचा पुढचा श्वास यायच्या आत, मधेच, आणखी एकदा वर गेला.

भावजी हळूच म्हणाले, “वहिनी... हा कोणाचा?”