हॅलोरनची पदकं

गेल्या वर्षी, चोवीस एप्रिल, गुरुवार. रात्री पावणेबाराला चाकणहून शिफ्टवाल्यांचा फोन आला, मशीन बंद पडलंय. क्षितिज वाकडहून गाडी काढून निघाला. माझ्या मित्राचा मुलगा, कंपनीत इंजिनिअर. दवाखान्यात माझा हात धरून त्यानं सांगितलं, तेच सांगतो. अर्णव, हसू नकोस.

त्याआधी कंपनीनं त्याला सहा महिने ऑस्ट्रेलियाला धाडलं होतं. तिथं नव्वदीच्या एका बाईकडं भाड्यानं राहिला. तिचे वडील, हॅलोरन, दोन्ही महायुद्धं लढलेले. पहिल्या वेळी वय वाढवून भरती झाले, दुसऱ्या वेळी लपवून. तीन वर्षं जपान्यांच्या कैदेत काढली. दर पंचवीस एप्रिलला तिथं शहिदांचा दिवस असतो. म्हातारी बापाची पदकं छातीवर लावून पहाटे चौकात उभी राहायची.

क्षितिजला जुन्या वस्तूंचा भारी नाद. परत येताना त्यानं ती पदकं उचलली.

म्हातारीचा फोन आला. "बाळा, चुकून तुझ्या सामानात तर..."

"नाही हो आजी."

तीनदा फोन आला. तीनदा नाही म्हणाला. आदल्या वर्षीच्या पंचवीस एप्रिलला ती रिकाम्या छातीनं उभी राहिली. पुढच्या थंडीत गेली.

तर, मोशी मागं पडली. बारा वाजून गेले होते, पंचवीस तारीख लागली होती. रस्ता मोकळा. अन् शेजारच्या सीटच्या बेल्टचा अलार्म वाजायला लागला. माणूस बसल्यावर वाजतो तो. सीट रिकामी. यानं बेल्ट ओढून अडकवला. आवाज थांबला.

गाडी गार पडली. यानं एसी बंद केला.

आणखी गार.

शेजारून म्हाताऱ्या माणसाचा आवाज. इंग्रजीत. "तिला तीनदा विचारायला लावलंस."

"चुकलो... परत पाठवतो..."

"कुणाला?"

गाडी आपोआप थांबली.

"उतर."

उतरला.

"उभा राहा."

त्यापुढचं त्याला आठवत नाही.

पहाटे पाचला शहेबाज मेकॅनिक तिकडून चालला होता. त्याला क्षितिज दिसला. रस्त्याकडेला, ताठ उभा. हाक मारली तर बोलेना. त्यानंच उचलून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी मोजे कापले. पाय काळेनिळे, सुजलेले, कातडी सुटलेली. म्हणाले, "हा किती दिवस गार पाण्यात, चिखलात उभा होता? पहिल्या महायुद्धात खंदकातल्या शिपायांचे पाय असे कुजायचे."

रात्रीचे पाच तास, पोरांनो. भर उन्हाळ्यात. डांबरी रस्त्यावर.

दोन्ही पायांची बोटं काढावी लागली.

त्याचे बूट मी स्वतः हातात घेऊन पाहिले. कोरडे ठणठणीत होते. पॉलिशसुद्धा उडालं नव्हतं.