देवतळीचा गडद रंग

२०६१ सालच्या फेब्रुवारीत देशाचा एचआयव्हीचा (शरीराची रोगांशी लढण्याची ताकद पोखरणारा विषाणू) नवा नकाशा जाहीर झाला. त्यात सगळ्यांत गडद जांभळा जिल्हा निघाला तो देवतळी. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या कारंजखेड जिल्ह्यातल्या पालकांनी कळवलं, की आमच्या मुली तुमच्याकडे खो-खो खेळायला येणार नाहीत.

देवतळीची कर्णधार शाल्मली चक्रावली. इथले दवाखाने तर नावाजलेले, मग रंग गडद कसा? ती तडक आजोबांकडे गेली. आजोबा, म्हणजे डॉ. बिडकर, साथरोगतज्ज्ञ (रोग कुठे, किती आणि का पसरतो हे शोधणारे) होते.

त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर नकाशा उघडला. हा रंग बाधितांचं प्रमाण (हजार माणसांत आज किती जण हा विषाणू घेऊन जगताहेत) दाखवतो, असं त्यांनी सांगितलं. देशात हजारी दोन, देवतळीत सात. दहा वर्षांपूर्वी इथे सहा होते.

"म्हणजे वाढलंच की," शाल्मली हिरमुसली.

"शाळेत नवे प्रवेश थोडेच झाले, पण शाळा जवळजवळ कुणी सोडलीच नाही, तर पट कमी होईल का?"

"नाही, वाढेल." ती थबकली. "इथे सोडून जाणं म्हणजे... मरणं?"

आजोबांनी होकारार्थी मान हलवली. देवतळीत वेळेवर तपासणी होते, औषध मिळतं, माणसं म्हातारी होईपर्यंत जगतात. शिवाय नियमित औषधाने विषाणू इतका दबतो, की जोडीदारालाही लागण होत नाही. त्यांनी दुसरा नकाशा लावला, नव्या संसर्गाचा (या वर्षी नव्याने लागण झालेल्यांचा). कारंजखेडमध्ये त्रेसष्ट जण. देवतळीत शून्य.

हे दोन्ही नकाशे शाल्मलीने कारंजखेडच्या पालकांच्या बैठकीत मांडले. एकत्र खेळल्याने लागण होतच नाही, हेही ठणकावून सांगितलं. तरी कुजबुज थांबेना. तेव्हा तिच्या प्रशिक्षक इंदुमती ढवळेबाई उठल्या.

"त्या सातांत मी आहे. एकवीस वर्षं औषध घेतेय, आणि या मुलींना पळायला मीच शिकवलंय."

मग कारंजखेडची कर्णधार आईचा हात सोडून पुढे आली. आम्ही येणार, म्हणाली.

सामना देवतळीने दोन गुणांनी जिंकला. मैदानातून निघताना कारंजखेडच्या त्या कर्णधाराने आजोबांना गाठलं आणि विचारलं, "आमच्याकडचे त्रेसष्ट शून्यावर आणायला किती वर्षं लागतील?"

आजोबांनी तिथेच पायरीवर बसून तिला हिशेब मांडायला लावला.