मंगळवारचा उपेंद्र

अबुधाबीच्या एका हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये वैभवीने शेजारच्या गृहस्थाला विचारलं, "कौनसा फ्लोअर?"

उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. इथे आपली भाषा कळतेय कुणाला, या भरवशावर ती पुटपुटली, "काय शिष्ट माणूस आहे!"

त्याने खिशातून टॉर्चएवढं मशीन काढून गळ्याला टेकवलं. सपाट, घरघरता आवाज आला, "शिष्ट नाही... हळू आहे. तिसरा."

वैभवीचे कान लाल! आणि तिसऱ्या मजल्यावर तो बसला नेमका तिच्याच टेबलासमोर. उपेंद्र, शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीचा सेल्समन. दिवसभर फोनवर बोलणारा, आणि घशाच्या कॅन्सरने स्वरयंत्रच नेलेलं. ऑपरेशननंतर पेशंट जगतात कसे, हे मोजायचा अभ्यास तिथे चालू होता. साल २००१. महिन्यातून एकदा, मंगळवारी, प्रश्न विचारायचे वैभवीने.

"गिळताना त्रास?"

"मुळीच नाही."

"लोकांत मिसळताना संकोच?"

"तुमच्यात मिसळतोय की."

"पर्याय चारच आहेत. मुळीच नाही, थोडा, बराच, खूप."

"मग तुमच्याकडे बघताना... बराच."

गळ्यातल्या छिद्रातून श्वास घेणाऱ्याला वास येत नाही. तरी उपेंद्र मंगळवारी अत्तर लावून यायचा. वैभवीचा निळा ड्रेसही नेमका मंगळवारीच इस्त्रीतून यायचा. प्रेमात पडलेल्यांना वाटतं, आपल्याकडे कोण बघतंय – अहो, सगळा मजला बघत होता!

मग वैभवी एकदा रजेवर गेली. त्या मंगळवारी प्रश्न तिच्या सहकाऱ्याने, अनिलने विचारले.

परतल्यावर अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर सुचित्रांनी उपेंद्रच्या उत्तरांचे दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले. "तुझ्याकडे ठणठणीत, अनिलकडे अर्धमेला. गिळताना खूप त्रास, झोप नाही, घराबाहेर पडणं नाही. यातला खरा कुठला?"

"दोन्ही असतील, मॅडम."

"तसा रकाना नाही, वैभवी. त्याचे आकडे बाद. खलास."

पुढच्या मंगळवारी उपेंद्र आला तो निरोप घ्यायला. कंपनीने व्हिसा वाढवला नव्हता. उद्याचं पुण्याचं विमान होतं. वैभवी लिफ्टपर्यंत आली.

"माझ्याशी खोटं बोललात?"

"नाही. तुझ्यासमोर... खरंच दुखायचं नाही."

पहिल्यांदाच 'तू'. वैभवीने श्वास घेतला. "मग मी येते पुण्याला."

"तू बघितलास तो मंगळवारचा उपेंद्र. एरवी तो खिमट खातो. गळ्यातली नळी धुतो. आरसा उलटा ठेवतो."

"तोही बघेन. मी विचारतेय – हो की नाही? पर्याय दोनच आहेत."

तो बघत राहिला... बराच. मग मशीन गळ्यापासून काढलं, बंद केलं आणि खिशात टाकलं.

लिफ्ट उघडली. तो आत शिरला. आतल्या बाईंनी त्याला विचारलं, "कौनसा फ्लोअर?"

तो गप्पच.

"ग्राउंड," बाहेरून वैभवीने सांगितलं.