लिंबाखालची दुपार

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. पावसानं लागोपाठ दोनदा दगा दिला होता. आम्ही उदगीरला. दर सोमवारी गावाबाहेरच्या टेकडीवर महादेवाला जायचो. घागरभर पाणी न्यायचं, पिंडीवर ओंजळभर घालायचं, उरलेलं पाखरांसाठी खडकातल्या खळग्यात ओतायचं. आमचे हे, चंद्रप्पा, टेकडीवरच्या झाडांना दुकानातल्या गिऱ्हाइकांसारखं एकेक करून ओळखायचे.

त्या साली त्यांना कावीळ झाली आणि टेकडी सुटली. जरा उभे राहू लागले तसे म्हणाले, चल, पाखरं वाट बघत असतील. निघालो.

चढताना कळलं, टेकडी बोडकी झाली होती. नव्या जिल्ह्यात घरं उठत होती, कचेऱ्या उठत होत्या. खालच्या माळावर वीटभट्ट्या धुमसत होत्या, आणि भट्टीला लाकूड लागतं. हे वाटेतल्या प्रत्येक खोडावर हात ठेवत राहिले. अर्ध्यावर धाप लागली. ऊन डोळ्यांत खुपत होतं. मी पदर कपाळावर ओढून, खाली बघतच, त्यांना आमच्या नेहमीच्या कडुलिंबाच्या सावलीत आणलं. पाणी पाजलं. ते आडवे झाले.

काय गारवा होता तो! वारा नव्हता, तरी वर पानं सळसळत होती. मोहोराचा कडू-गोड वास येत होता. मी पाठ टेकून डोळे मिटले. इतकं सुख मला त्या उन्हाळ्यात दुसरीकडं मिळालं नव्हतं.

"नीलक्का, उनात का बसलाव?"

केवळाबाई. शेळ्या घेऊन खालच्या वाटेवर उभी होती. मी हसून वर बघितलं.

वर झाड नव्हतं. पांढरं, भाजलेलं आभाळ होतं. पाठ टेकली होती ते हातभर खोड. कुऱ्हाडीचे घाव अजून ओले होते. आणि सावली मात्र होती. ह्यांच्या सदऱ्यावर पानांतून गळणारे उन्हाचे कवडसे हलत होते.

केवळाबाईलाही ते दिसलं असावं. ती पुढं आली नाही. आवाज उतरवून म्हणाली, "मालकाला उठवा... आत्ता उठवा."

मी त्यांना हलवलं. हात गार लागला. चेहरा मात्र झोपलेल्या लेकराचा.

"राहू दे, नीला..." ते पुटपुटले. "इथं लई बरं वाटायलंय... मला न्हाई उठायचं."

काखेत हात घालून ओढलं, तर जमिनीनं धरून ठेवल्यासारखे जड. मी केवळाबाईकडं बघितलं. तिनं खांद्यावरचं घोंगडं फेकलं, एक टोक आपल्याकडं ठेवून. मी दुसरं टोक त्यांच्या छातीखालून घेतलं. ती उन्हातून ओढत होती, मी सावलीतून ढकलत होते. वर पानांचा आवाज वाढत गेला... वाढत गेला... आणि ते बाहेर आले तसा थांबला. मागं वळून बघितलं. खोड आणि ऊन, बस्स.

ऊन अंगावर पडल्यावर हे रडले. का ते त्यांनाही सांगता येईना.

त्या वर्षी पाऊस झाला. ह्यांनी टेकडीवर लिंबाची रोपं लावली. केवळाबाईनं शेळ्या दुसऱ्या माळावर नेल्या. ती टेकडीकडं फिरकू द्यायची नाही कुणाला. आता जाऊन बघा, टेकडी हिरवी आहे, मोर आलेत. हे ऐंशीचे झाले. परत कधी एका दिवसाचं दुखणं नाही. आमचं बरं चाललंय, तक्रार म्हणून नाही सांगत.

फक्त, भर वैशाखात हे उघड्या अंगणात खुर्ची टाकून बसतात, आणि अंगाला घामाचा थेंब नसतो. पाठीला हात लावावा तर माठासारखी गार. गल्लीतल्या साऱ्या चिमण्या उतरतात, त्यांच्या पायाशी, गुडघ्यांवर, खांद्यावर येऊन बसतात. मला बघायला आवडतं.

पण इतक्या चिमण्या, आणि एकही चिवचिवत नाही.