चढावरचा दगड

नात्यातल्या संस्कृतीताईचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. वैशाखात माढ्याला मांडव पडला होता. सगळं वऱ्हाड रेल्वेनं नाहीतर जीपनं आलं, पण कोंडीबा आजोबा मात्र केमहून सायकल मारत आले. धोतराचा काचा मारलेला, टोपी घामानं भिजलेली. जेवणाच्या पंगतीत ते सोलापूरच्या नातीला, उत्कर्षाला, म्हणाले, "एकदा सायकलवर ये की माज्याकडं. रेल्वेतनं आल्यालं पावणं कसलं?"

उत्कर्षा तेव्हा आठवीत गेली होती. तिनं ते मनात धरून ठेवलं.

त्या वर्षी दिवाळी उशिरा आली. त्याआधीच उसाचा हंगाम सुरू झाला, आणि हंगामाच्या पहिल्याच संध्याकाळी आजोबा गावाजवळच्या चढावर सायकलवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. सोलापुरात ऑपरेशन झालं, त्यांना परत केमला नेलं, पण पाय काही जमिनीला टेकेना.

"रस्त्यात दगड हुता," एवढंच आजोबा सांगत होते.

केमला त्यांच्याजवळ राहणाऱ्या मुलानं, अमृतकाकानं, ते पडल्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊन रस्ता बघितला. रस्ता साफ होता. मग तो ज्याला त्याला सांगू लागला, "दगड न्हाई न् धोंडा न्हाई. आबांची नजर गेलीया. आता बरं झालं तरी घराबाहेर सोडायचं न्हाई." त्यानं आजोबांची सायकलही भंगारवाल्याला देऊन टाकली. आजोबांनी दोनतीनदा सांगून बघितलं. कुणी ऐकेना, तेव्हा त्यांनी बोलणंच कमी केलं. पाठोपाठ जेवणही.

उत्कर्षाला हे पटत नव्हतं. लग्नात तिच्या कानातली बारीक फुली गवतात पडली होती. ती आजोबांनीच लांबून दाखवली होती. त्यांची नजर इतक्यात जाईल कशी?

"मी सायकलवरच जाणार," तिनं घरी सांगितलं. "त्यांनी बोलावलंय तसंच."

बाबांनी आधी नाही म्हटलं. मग शेजारच्या गुरूनं, "काकी, आमचे शरणप्पाकाका मोटरसायकलवर मागं राहणार आहेत की," असं सांगून आईला गळाला लावलं, आणि आईनं बाबांना. शरणप्पाकाका अक्कलकोटचे, गुरूचे चुलते. त्यांना काही काम नव्हतं आणि फिरायची हौस दांडगी होती. उत्कर्षाचा धाकटा भाऊ अजिंक्य सहावीत होता. त्याला घेतल्याशिवाय घरात शांतता राहणार नव्हती, म्हणून त्यालाही घेतलं.

तयारी करता करताच उत्कर्षा, गुरू आणि अजिंक्य तिघं दमली. रोज पहाटे होटगी रस्त्यानं जाऊन यायचं. ब्रेकचे रबर बदलले, चेनला तेल दिलं, पंक्चर काढायला शिकली. पहिलं पंक्चर अजिंक्यनं काढलं आणि ट्यूबला दुसरं भोक पाडलं.

"तू डॉक्टर होऊ नकोस," गुरू म्हणाला.

"तू पेशंट होऊ नकोस," अजिंक्य म्हणाला.

आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. भाऊबीज उरकली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघं निघाली.

मोहोळपर्यंत गंमत वाटली. मोहोळ मागं पडल्यावर गंमतही मागं पडली. वारा समोरून यायला लागला. सीट टोचू लागली. मांड्या दगड झाल्या. हातांना मुंग्या आल्या, आणि मग मुंग्याही गेल्यासारख्या झाल्या. दोन्ही बाजूंना ऊस, मधे ज्वारी, परत ऊस. शरणप्पाकाका पुढं जाऊन हॉटेलात चहा घेत बसायचे, मुलं पोचली की म्हणायचे, "आता थोडंच राहिलं."

"काका, तुम्ही हे सकाळपासून म्हणताय," उत्कर्षा म्हणाली.

"सकाळी जास्त थोडं होतं. आता कमी थोडं आहे."

माढ्याला संस्कृतीताईच्या सासरी मुक्काम केला. ताट समोर आलं तेव्हा अजिंक्य बसल्या बसल्या झोपला होता. सकाळी उठल्यावर तिघांना जिना उतरता येईना. तरी पुन्हा निघाली. दुसऱ्या दिवशी वारा नव्हता, पण ऊन होतं, आणि अंगात कालचा दिवस तसाच शिल्लक होता. आपण कशासाठी निघालो हेही उत्कर्षाला मधूनमधून आठवेनासं झालं. पाय फिरत होते म्हणून ती पुढं जात होती.

दुपार कलताना केमचा फाटा आला. तिथून गावाकडं एका गाडीपुरता डांबरी रस्ता उतरत होता, ओढ्यावरच्या पुलापर्यंत. पुलापलीकडं गाव.

"उतार," अजिंक्य म्हणाला. दिवसभरात तो पहिल्यांदाच हसला, आणि त्यानं पॅडल मारणं सोडून सायकल सोडून दिली.

अर्ध्या उतारावर सायकल एकदम उडाली. अजिंक्य बाजूच्या गवतात जाऊन पडला. गुडघे सोलले, कोपर फुटलं, पुढचं चाक वाकडं झालं. रस्त्याच्या मधोमध डोक्याएवढा दगड होता.

गुरूनं त्याला उठवलं. उत्कर्षा दगडापाशीच उभी राहिली. थोडं पुढं दुसरा दगड होता, तसाच. दोन्ही दगडांच्या एका अंगाला काळे ओरखडे होते. बोट लावलं तर रबराचा वास आला.

"डोंगर नाही की दरड नाही," ती म्हणाली. "हे दगड इथं आले कसे?"

"चालत," अजिंक्य रडता रडता म्हणाला.

दगड बाजूला सारून, वाकडी सायकल ओढत ती घरी पोचली. काकूनं जखमांना हळद लावली. अमृतकाका म्हणाला, "रस्त्यावर दगड असायचाच. बघून चालवायची सायकल. आजावर गेलाय हा."

आजोबा आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडले होते. ते उत्कर्षाला ओळखू येईनात, इतके लहान झाले होते. ती जवळ बसली.

"आजोबा, सायकलवर आले."

त्यांनी मान वळवली. "रडतंय कोन?"

"अजिंक्य पडला. उतारावर दगड होता."

"कुटं? निम्म्यात?"

"हो."

"रस्त्याच्या मदी?"

"हो, मधोमध."

आजोबांनी तिचा हात धरला. मग म्हणाले, "त्येला दूध द्या गरम." आणि परत भिंतीकडं वळले. पण तिचा हात त्यांनी सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी अंग इतकं दुखत होतं, की पारावर बसून राहावं असंच तिघांना वाटत होतं. तरी उत्कर्षानं त्यांना चढावर नेलं. शरणप्पाकाका फाट्यावर जोतिरामच्या चहाच्या टपरीत बसले आणि तिथंच डुलक्या घेऊ लागले.

चढावर गावातला येडू शेळ्या चारत होता. मुलं बाभळीखाली बसली. तेवढ्यात उसानं भरलेला ट्रॅक्टर पूल ओलांडून आला. मागं दोन ट्रॉल्या. चढाला लागताच ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलल्यासारखी झाली. गाडी थांबली. ड्रायव्हरनं खाली उडी मारली, कडेचे दगड उचलून मागच्या ट्रॉलीच्या चाकांमागं लावले, दोन ट्रॉल्या जोडणारी मधली पिन काढली, आणि एकच ट्रॉली घेऊन वर गेला. ती फाट्यावर उभी करून ट्रॅक्टर परत आला, दुसरी जोडली आणि निघून गेला.

दगड रस्त्यातच राहिले.

"अगं बाई," उत्कर्षा हळूच म्हणाली.

गुरूनं जाऊन दगड कडेला टाकले. थोड्या वेळानं दुसरा ट्रॅक्टर आला. त्यानंही तेच केलं. गुरू ओरडला, "ओ, दगड काढा की."

"मागचा लावंल की त्येच," ड्रायव्हर म्हणाला आणि गेला.

येडू हसला. "रोजचंच हाय ते. चढ आला की दगड लावायचा, चढ गेला की इसरायचा. कोंडीबा तात्या त्यानंच पडलं न्हवं का."

उत्कर्षा ताडकन उठली. पाय कळवळले. "तुम्हाला कसं माहीत?"

"मीच उचाललं की त्यास्नी. शेळ्या घिऊन चाललो हुतो. दगड मीच फेकला बाजूला, दुसरा कोन पडाय नगं म्हणून."

"मग सांगितलं का नाही? सगळे म्हणतात दगड नव्हताच."

"मला कुनी इचारलंच न्हाई," येडू म्हणाला. "त्यास्नी जीपमदी घातलं, मी शेळ्या घिऊन गेलो वाड्याकडं."

मग अजिंक्यनं विचारलं, "त्या दिवशी कुणाकुणाचे ट्रॅक्टर गेले होते?"

येडूनं शेळीच्या अंगावरचं गोचीड काढलं. ते काढायला त्यानं फार वेळ घेतला. "पयला दिवस हुता. नारळ फोडून एकच गाडी गेल्ती गावातनं. तुमच्या चुलत्याची."

पुढं काय करायचं यावरून घरी येईपर्यंत वाद चालला.

"सरळ काकाला सांगू," गुरू म्हणाला.

"सांगून काय होतंय? आजोबांनी सांगितलंच की," उत्कर्षा म्हणाली. "तो म्हणेल, माझ्यानंतर दुसरं कुणी ठेवलं असेल. त्यानं स्वतःच बघायला पाहिजे. सगळ्यांसमोर."

"आणि आजोबांना वाईट वाटलं तर? त्यांचाच मुलगा आहे."

त्या रात्री उत्कर्षा दमलेली असूनही लवकर झोपली नाही.

सकाळी काकाची खेप होती. मुलं गोठ्यातली दोन जुनी दावी घेऊन आधीच बाभळीखाली जाऊन बसली. काका आला, चढाला थांबला, दगड लावले, पहिली ट्रॉली घेऊन वर गेला. ट्रॅक्टरचा आवाज लांब गेला तशी मुलं पळाली.

"चाकाखाली हात घालू नगा," येडू काठी आडवी धरून म्हणाला. "भाइरनं बांदा. खाली शिरलात तर मीच हाणीन."

गुरूनं एकेका दगडाला गाठोड्यासारखं बांधलं, आणि दाव्याची दुसरी टोकं ट्रॉलीच्या मागच्या आडव्या पट्टीला आवळली. अजिंक्य लंगडत फाट्याकडं नजर ठेवून होता. ट्रॅक्टर परत येताना दिसला तशी सगळी उसात शिरली.

काकानं पिन घातली, मागं वळूनसुद्धा न बघता गाडी काढली. दावी ताणली गेली आणि दोन्ही दगड ट्रॉलीमागं फरफटत निघाले. खडाड खडाड आवाज झाला. इंजिनाच्या आवाजात काकाला तो ऐकूच आला नाही. मुलं अंतर ठेवून मागून चालली.

फाट्यावर टपरीत गावातली माणसं बसलेली होती. कुणी चहा पीत होतं, कुणी पेपर वाचत होतं. शरणप्पाकाका आवाजानं दचकून जागे झाले. "एनायितो?" काय झालं, असं त्यांनी कानडीतच विचारलं.

"अमृत," जोतिराम टपरीतून म्हणाला, "दगडंबी घालतूस व्हय कारखान्याला? वजनाला?"

सगळी हसली. काका खाली उतरला, मागं आला, दगड बघितले, मुलं बघितली. त्याचा चेहरा लाल झाला. "ह्यो कुनाचा उद्योग?"

उत्कर्षा पुढं झाली. "काका, दगड तुमचेच आहेत. तुम्ही रोज रस्त्यात विसरता. म्हणून आणून दिले."

"मला अक्कल शिकवतीस?"

"अजिंक्य ह्याच दगडावर पडला. आजोबापण."

"आबा पडले तवा दगड न्हवता. म्या सोता बगितलंय."

"हुता," मागून येडू म्हणाला. शेळ्या टपरीपाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. "मी फेकला, अमृतदादा. ह्या हातानं."

काका दगडाकडं बघत राहिला. पहिल्या दिवशी या वाटेनं दुसरी गाडीच गेली नव्हती, हे तिथं बसलेल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. काकालाही. त्यानं खाली वाकून दाव्याच्या गाठी सोडायला घेतल्या. ओढीनं आवळलेली गाठ सुटेना. मग गुरूनं पुढं होऊन सोडली.

उसाची गाडी तशीच फाट्यावर उभी ठेवून काका घरी चालत आला. मुलं त्याच्या मागं.

तो आजोबांच्या खाटेपाशी जमिनीवर बसला. मग म्हणाला, "आबा, दगड माजा हुता."

"व्हय."

"तुमास्नी ठावं हुतं?"

"तुलाच डबा द्यायला आल्तो की फाट्यावर. तू डबा इसरून गेल्तास. परत जाताना पडलो. दुसरी गाडी हुतीच कुटं?"

"मग नाव का घेतलं न्हाई माजं?"

आजोबांनी डोळे मिटले. "तुजं नाव घिऊन पाय जोडनार हुता व्हय? दगड हुता, एवडंच तुमी मानायचं हुतं."

काकानं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. उत्कर्षानं अजिंक्यला ओढून बाहेर आणलं, आणि दार लोटून घेतलं.

त्या संध्याकाळी आजोबांनी अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. काकू म्हणाली, दिवाळीच्या आधीपासून पहिल्यांदाच.

पुढच्या चार दिवसांत काकानं बाभळीचे ठोकळे करून घेतले आणि साखळीनं आपल्या ट्रॉल्यांना अडकवून टाकले. गाडी हलली, की ठोकळा आपोआप बरोबर जाई. मग दुसऱ्या ट्रॅक्टरवाल्यांच्या मागं लागला, आणि तो मागं लागला की सोडत नसे. मुलांना न्यायला बाबा रेल्वेनं आले, तेव्हा जोतिरामनं त्यांना चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. "सोलापूरची पोरं," तो टपरीतल्या लोकांना म्हणाला, "सायकली चालवत्यात आन् आमची डोकीबी चालवत्यात." शरणप्पाकाकांनी कॉलर ताठ केली, जणू सगळं त्यांनीच केलं होतं. बाबांनी उत्कर्षाच्या डोक्यावर हात ठेवला. गाडीत बसल्याबरोबर तिला झोप लागली.

कोंडीबा आजोबा त्याच वर्षी माघ महिन्यात, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, केमला आपल्या घरात वारले.